देवमाशाची वंशावळ



गेल्या हंगामाच्या उपकारस्तुतीसाठीं आम्ही एका लहानशा मंडळींत गेलों होतों. गांवाचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. उपासना आटोपल्यावर लोक मांडवांत पंगतीची तयारी करीत होते, इतक्यांत तेथील उपदेशकांचा मुलगा आमच्याजवळ येऊन उभा राहिला. तो दहावीच्या वर्गांत आहे. पायाच्या अंगठ्यानें बराच वेळ माती उकरून झाल्यावर तो म्हणाला, "पाळकसाहेब, पेपरांत उत्क्रांतीचा प्रश्न आला होता. मीं पुस्तकाप्रमाणें उत्तर लिहिलें. बाबा म्हणाले होते, मार्कांपुरतें लिही, पण मनांत मानूं नको. मग मीं लिहिलें तें खोटें झालें काय?"

त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. त्याचें कारण अज्ञान एवढेंच नव्हतें. कांहीं वर्षांपूर्वीं त्याच मंडळींत उपदेश करितांना आम्हीं "माकडाचे नातू" असा विनोद करून लोकांस पोट धरून हंसविलें होतें, आणि हंसणाऱ्यांत ह्या मुलाचे वडीलही होते. त्या दिवशीं आम्हीं डार्विनचें एक पानही वाचलेलें नव्हतें. ज्याचें म्हणणें ऐकून घेतलें नाहीं त्याच्याविरुद्ध चार लोकांसमोर बोलणें ह्यास दहा आज्ञांमध्यें काय नांव आहे तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तेव्हांपासून आम्हीं हा विषय जमेल तसा वाचिला. त्यांतून जें समजलें तें येथें मांडतों. प्रश्न दोन आहेत: ही साक्ष खरी आहे काय; आणि खरी असल्यास मनुष्याची किंमत तिच्यामुळें कमी होते काय?

उत्क्रांति हा शब्द ऐकिला म्हणजे दूरचीं बेटें व जाडजूड ग्रंथ डोळ्यांपुढें येतात. परंतु ती आपल्या बांधाच्या आंत घडलेली गोष्ट आहे. जे बंधु कापूस लावितात त्यांस गुलाबी बोंडअळीची ओळख करून देणें नको. इ. स. २००२ मध्यें आपल्या देशांत बीटी कापसास परवानगी मिळाली. ह्या झाडांत अळीस मारक असा एक पदार्थ उत्पन्न होतो. २००६ सालीं असे दोन पदार्थ असलेलें वाण आलें. आरंभीं फवारणी वांचली, लोक निर्धास्त झाले. आणि २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांतील कितीएक शेतांत हिरवीं बोंडें फोडून पाहतात तों आंत अळी! हें कसें झालें? अळ्यांनीं सभा भरवून विष पचविण्याचा ठराव केला नव्हता. गोष्ट अशी कीं, एकाच पतंगाच्या पोटच्या अळ्याही अगदीं सारख्या नसतात. लाखोंमध्यें एखादीस जन्मतःच असा कांहीं फरक असतो कीं, तें विष तिला पुरतें बाधत नाहीं. पूर्वीं त्या फरकाचा तिला कांहीं उपयोग नव्हता. चोहोंकडे बीटी लागल्यावर मात्र इतर मेल्या, ती वांचली. तिच्या संततीस तो फरक वारशानें मिळाला. आणि अळीच्या एका हंगामांत अनेक पिढ्या होत असल्यामुळें, जो अपवाद होता तो थोड्याच वर्षांत नियम झाला. बियाण्याच्या पाकिटाबरोबर बिनबीटी बियाण्याची १२० ग्रॅमची निराळी पुडी मिळत असे, ती आपल्यापैकीं कितीजणांनीं लाविली? शेताच्या कडेस साध्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्या, त्यांच्या पतंगांशीं संकर होऊन प्रतिकाराचा वारसा पातळ व्हावा, हा तिचा हेतु होता. आमच्या धाकट्या भावानें ती बांधावर भिरकावून दिली, आणि आम्हीं पाहिलें तरी बोललों नाहीं.

डार्विननें इ. स. १८५९ मध्यें आपल्या ग्रंथांत जें सांगितलें त्याचा गाभा इतकाच आहे. जन्मास येणारे जीव पुष्कळ, त्यांतून वांचणारे थोडे. ते सारखे नसतात. त्यांच्यांतील फरक मुलांत उतरतात. आणि ज्या फरकानें त्या ठिकाणीं, त्या काळीं वांचण्यास मदत होते तो पिढ्यानुपिढ्या वाढत जातो. ह्यास नैसर्गिक निवड म्हणतात. शेतकरी टपोरें कणीस पाहून बियाण्यास राखतो, तसें येथें होतें. मात्र राखणारा हात दिसत नाहीं. "बलिष्ठानें दुर्बलास खावें असा हा नियम आहे," असें कोणी सांगूं लागल्यास त्यास बोंडअळी दाखवावी. ती बलिष्ठ नव्हती. त्या शेतास जुळणारी होती, इतकेंच. शिवाय निसर्गांत काय घडतें ह्यावरून मनुष्यानें काय करावें हें ठरत नाहीं. पूर येतो म्हणून शेजाऱ्याचें घर बुडवावें असें कोणी म्हणत नाहीं.

"परंतु अळीची अळीच राहिली, तिचा पक्षी तर झाला नाहीं ना?" हा आक्षेप रास्त आहे. मोठ्या बदलाची साक्ष मोठी पाहिजे. मोशाच्या नियमशास्त्राप्रमाणें एका साक्षीदारावरून निकाल करितां येत नाहीं. दोनतीन पाहिजेत, आणि ते एकमेकांस पढविलेले नसावेत. आम्हांस जी साक्ष सर्वांत भक्कम वाटली ती देवमाशाची आहे.

आपण त्यास देवमासा म्हणतों, पण तो मासा नव्हे. मासा कल्ल्यांनीं पाण्यांतच श्वास घेतो. देवमाशास फुप्फुसें आहेत, वर येऊन हवा न घेतल्यास तो बुडून मरतो. त्याची मादी पिल्लास दूध पाजते. डॉल्फिनाविषयीं ही गोष्ट ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल ह्यास ठाऊक होती. आणि स्वीडनच्या लिनियसनें १७५८ सालीं देवमाशास माशांच्या पंगतींतून उठवून गाय, कुत्रा, मनुष्य ह्यांच्या पंगतीस, म्हणजे सस्तन प्राण्यांत, बसविलें. मासा शेपूट डावीउजवीकडे हालवितो. देवमासा खालींवर हालवितो. धांवत्या कुत्र्याच्या पाठीकडे पाहा, तीही खालींवरच वांकते. म्हणजे ह्या समुद्रांतल्या प्राण्याच्या कण्यांत जमिनीवर धांवणाऱ्या जनावराची चाल अद्याप राहिली आहे. त्याच्या पुढच्या वल्ह्याचें मांस सोडविलें तर आंत दंडाचें हाड, मनगट व बोटें निघतात. हा पहिला साक्षीदार, शरीर.

दुसरा साक्षीदार खडक. डार्विनला हा साक्षीदार मिळाला नव्हता. पाण्यांत तोंड उघडून पोहत किडे पकडणाऱ्या अस्वलाचा दाखला देऊन, अशांतून देवमाशासारखा प्राणी घडला असेल, असा तर्क त्यानें पहिल्या आवृत्तींत केला. लोक इतके हंसले कीं पुढच्या आवृत्तींत त्यानें तो बहुतेक गाळून टाकिला. अस्वलाचा तर्क चुकलाच होता. पण हंसणारेही बरोबर नव्हते. खरें उत्तर आपल्याच भूमीच्या वायव्य अंगास पुरलेलें होतें. हिमालय उभा राहण्यापूर्वीं त्या बाजूस टेथिस नांवाचा समुद्र होता. त्याच्या कांठचा गाळ आतां डोंगर झाला आहे. तेथें, आजच्या पाकिस्तानांत, सुमारें ५ कोटी वर्षांपूर्वींचा एक चार पायांचा प्राणी सांपडला. १९८१ सालीं त्याला पाकिसीटस असें नांव मिळालें. पाय कुत्र्यालांडग्यासारखे, पण कानाचें हाड देवमाशाचें. १९९४ मध्यें त्याच देशांतून अँब्युलोसीटस प्रसिद्ध झाला. ह्याचे मागले पाय मोठे पसरट, जमिनीवर चालण्याजोगे व पाण्यांत रेटा देण्याजोगे. कच्छच्या खडकांतूनही जुन्या देवमाशांचे अवशेष निघाले. अशोक सहानी ह्या आपल्या शास्त्रज्ञांनीं त्यांपैकीं कांहींचें वर्णन १९७५ सालींच केलें होतें. आणि मिसरच्या वाळवंटांत बॅसिलोसॉरस नांवाच्या सुमारें पन्नास फूट लांबीच्या पुरत्या समुद्रवासी देवमाशास मागले पाय असल्याचें १९९० मध्यें दिसून आलें. गुडघा आहे, बोटें आहेत. पण इतके लहान कीं त्यांवर तें धूड कधींच उभें राहूं शकलें नसतें.

ह्यांत एक गोष्ट आम्हांस फार आवडते. ए. रंगाराव नांवाच्या भारतीय भूवैज्ञानिकांनीं जम्मूकडील कालाकोट येथें खडक गोळा केले होते. त्यांतील एका लहान प्राण्यास त्यांनीं १९७१ मध्यें इंडोहायस हें नांव दिलें. ते वारल्यावर बाकीचे दगड घरीं तसेच पडून राहिले. त्यांच्या पत्नीनें ते जपले व पुढें हान्स थेविसन ह्या संशोधकांच्या स्वाधीन केले. एक कवटी साफ करीत असतां कानाचें हाड चुकून फुटलें, आणि त्याची आंतील कड जाड दिसली. तशी जाड कड तोंवर देवमाशांखेरीज कोणांत आढळली नव्हती. हा प्राणी मांजराहून फारसा मोठा नव्हता, हरणासारखा खुरांचा, पण त्याच्या पायांचीं हाडें पाण्यांत बूड धरण्याजोगीं जड. २००७ सालीं हें प्रसिद्ध झालें. देवमाशाच्या वंशाचा हा जवळचा चुलता होय. एका विधवेनें दगडांचीं खोकीं फेंकून दिलीं असतीं तर!

तिसरा साक्षीदार गर्भ. डॉल्फिनाच्या गर्भास आरंभीं मागल्या पायांचे अंकुर फुटतात व थोड्या आठवड्यांत मावळतात. क्वचित् ते मावळावयाचे राहतात. २००६ सालीं जपानांत असा एक डॉल्फिन सांपडला, त्याच्या पोटाखालीं मागच्या बाजूस दोन जादा पर होते.

चौथ्या साक्षीदाराकडे वळण्यापूर्वीं सेमिनरींतील एक धडा सांगतों, कारण त्यावांचून तो समजणार नाहीं. छापखाने नव्हते तेव्हां नवा करार हातांनीं उतरून घेत. नकलणाऱ्याच्या डोळ्यांखालून एखादी ओळ सुटली म्हणजे त्याच्या प्रतीवरून केलेल्या सर्व प्रतींतून ती सुटे. पंडितांनीं हजारों ग्रीक हस्तलिखितें ताडून पाहिलीं आणि त्यांचीं कुळें लाविलीं, तीं कशावरून? चुकांवरून. बरोबर शब्द दोन प्रतींत सारखा असल्यास कांहींच सिद्ध होत नाहीं, कारण तो सर्वांतच असतो. परंतु एकाच ठिकाणीं एकच चूक दोहोंत असली, तर त्या एका मूळ प्रतीच्या लेकी. शाळामास्तरही हें जाणतात. दोन मुलांचें उत्तर बरोबर आलें तर ते शाबासकी देतात. दोघांची चूक अक्षरशः एक आली तर दोघांस उभे करितात.

प्रत्येक जिवाच्या पेशीपेशींत डीएनए नांवाचा धाग्यासारखा लेख आहे. तो आईबापांपासून मुलांत उतरतांना नकलला जातो, आणि नकलतांना चुका होतात. कधीं एखादा निरर्थक तुकडा भलत्याच ठिकाणीं घुसतो व तेथेंच वंशोवंशीं राहतो. १९९९ सालीं जपानी संशोधकांनीं असें दाखविलें कीं, असे कांहीं तुकडे देवमासा व पाणघोडा ह्या दोघांत नेमक्या त्याच ठिकाणीं बसले आहेत, आणि गाय, डुक्कर, उंट ह्यांच्यांत त्या ठिकाणीं नाहींत. म्हणजे देवमाशाचा आजच्या प्राण्यांत सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा ठरला. हाडें पाहणाऱ्यांस हें पटेना. त्यांच्या दांतांवरून निराळेंच कुळ दिसत होतें. मग २००१ मध्यें पाकिस्तानांतून त्या जुन्या चालत्या देवमाशांच्या घोट्याचीं हाडें मिळालीं. गाय, बकरी, हरीण, डुक्कर अशा जनावरांच्या घोट्यांत एक हाड असतें, त्याच्या वरच्या टोकास विहिरीच्या कप्पीसारखी खांच असते, तशीच खालच्या टोकासही असते. इतर जनावरांत खालची नसते. त्या प्राचीन देवमाशांच्या घोट्यांत दोन्ही खांचा होत्या. ज्यांनीं पूर्वीं हरकत घेतली होती त्यांनींच हें हाड पुढें आणून आपली चूक कबूल केली. आम्हां उपदेश करणाऱ्यांस हें किती वेळां जमतें?

आतां मनुष्याकडे येऊं. लिंबू, आवळा, पेरू न खाल्ल्यास आपल्या हिरड्यांतून रक्त येतें, कारण क जीवनसत्त्व आपल्या शरीरांत तयार होत नाहीं. बकरी व कुत्रा तें आपल्या यकृतांत तयार करितात. त्या कामाचा लेख आपल्या डीएनएमध्येंही आहे. पण मोडका आहे, मधले भाग गळालेले आहेत. वानरांत व माकडांत तोच लेख मोडका आहे, आणि त्यांतील कित्येक चुका नेमक्या आपल्याच आहेत. गिनीपिग नांवाच्या लहान प्राण्यांतही तो मोडला आहे, पण दुसऱ्या रीतीनें. वाचकहो, हस्तलिखितांस जो नियम आपण लावितों तो येथें लावूं नये असें कोणत्या तोंडानें म्हणावें? आजचें माकड आपला आजोबा नव्हे, हें मात्र ध्यानांत धरावें. आमचा तो विनोद एवढ्याच कारणानेंही खोटा होता. तें व आपण एका फार प्राचीन पूर्वजाचीं निरनिराळीं कुळें आहों. चिंपांझीचें व आपलें कूळ सुमारें ६० ते ७० लक्ष वर्षांपूर्वीं वेगळें झालें.

येथें पुष्कळांस झोंबतें. ३० जून १८६० रोजीं ऑक्सफर्ड येथील सभेंत बिशप विल्बरफोर्स ह्यांनीं डार्विनचे मित्र हक्स्ले ह्यांस त्यांच्या वानर आजाविषयीं टोमणा मारिला म्हणतात. नेमके शब्द काय होते ह्याविषयीं त्या दिवशीं हजर असलेल्यांचेंही एकमत नाहीं; पण टोमणा कुळावरून होता. कुळावरून मारलेला टोमणा आपणांस नवा आहे काय? आपल्यांतील बहुतेकांच्या पूर्वजांनीं कोणत्या पाणवठ्यावर घागर बुडवावी, कोणत्या वाटेनें जावें, शाळेंत बसावें कीं बाहेर ओसरीवर, हें सारें तूं कोणाच्या पोटीं आलास ह्या एका प्रश्नावर ठरत असे. आमचे पणजोबा मंडळींत आले ते, त्या प्रश्नाचें उत्तर न विचारतां कोणी त्यांस जवळ बसविलें म्हणून. आणि आतां त्यांचे वंशज आम्ही, आमच्या मूळ घराण्यांत जनावर आहे असें कोणी म्हटलें तर बाटल्यासारखे अंग झाडतों! मनुष्याची थोरवी पूर्वजांच्या जातींत आहे असें मानल्यावांचून ही शरम उत्पन्नच होत नाहीं. उत्पत्तीच्या ग्रंथांत तर मनुष्य मातीचा केला असें आहे. मातीची लाज कोणास वाटत नाहीं. श्वास घेणाऱ्या, पिल्लास दूध पाजणाऱ्या प्राण्याची कां वाटावी? मत्तयानें प्रभूची वंशावळ लिहितांना तामार, राहाब, रूथ व उरीयाची बायको ह्यांचीं नांवें झांकलीं नाहींत. एखाद्या कुलीन शास्त्र्यानें ती वंशावळ लिहिली असती तर तीं चारही गाळलीं असतीं.

आम्हांस स्वतःला अडचण वाटते ती दुसरीच आहे. वांचणारे थोडे असें आम्हीं वर एका ओळींत लिहून टाकिलें. पण त्यांत कोट्यवधि वर्षांचें मरण भरलें आहे. जिवंत अळीच्या अंगांत अंडीं घालणारी एक माशी असते; तिचीं पिल्लें त्या अळीस आंतून खात वाढतात. दयाळु देवानें असें मुद्दाम योजिलें हें आपणांस मानवत नाहीं, असें डार्विननें १८६० मध्यें आसा ग्रे ह्यांस पत्रांत कळविलें. त्याची ॲनी नांवाची दहा वर्षांची मुलगी १८५१ सालीं वारली होती. ज्यानें लेंकरूं पुरलें आहे त्याच्या ह्या प्रश्नास उद्धट म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. आसा ग्रे हे अमेरिकेंतील वनस्पतिशास्त्रज्ञ, श्रद्धावान ख्रिस्ती. त्यांनीं डार्विनचें मत स्वीकारिलें, विश्वासही सोडला नाहीं, आणि दोघांची मैत्री टिकली. परंतु त्या माशीचें उत्तर ग्रे ह्यांच्यापाशींही पुरतें नव्हतें. ईयोबाच्या मित्रांजवळ सर्व उत्तरें तयार होतीं, आणि देवानें रागावून म्हटलें तें त्यांनाच. सृष्टि कण्हत आहे असें पौलानें रोमकरांस लिहिलें आहे. आम्ही त्या वाक्यापाशीं येऊन थांबतों. माकडाच्या नात्यावर विनोद करणें सोपें असतें. ह्या प्रश्नावर विनोद करितां येत नाहीं, म्हणूनच कीं काय आम्ही मंडळींत ह्याविषयीं कधीं बोललों नाहीं.

गेल्या महिन्यांत आम्ही त्या गांवीं पुन्हां गेलों. जातांना बकऱ्याच्या मागल्या पायाचें घोट्याचें हाड स्वच्छ धुऊन खिशांत घातलें होतें. बापलेक दोघेही ओट्यावर होते. मुलास आम्हीं सांगितलें कीं, तूं पेपरांत लिहिलेंस तें खरें होतें. एक लिहून दुसरें मानण्याची गरज नाहीं. वडिलांस सांगितलें कीं, त्या दिवशींचा विनोद आमचा होता आणि तो चुकीचा होता. मग हाड त्यांच्या हातीं देऊन देवमाशाची सारी गोष्ट सांगितली. उपदेशकांनीं तें पुष्कळ वेळ उलटेंपालटें करून पाहिलें, खालच्या खांचेंतून नख फिरविलें, आणि मुलाकडे दिलें.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "हें तुम्हींच मंडळींत सांगा. हंसविलें तुम्हींच होतें."

पुढच्या रविवारीं तेथील उपासना आमच्याकडे आहे. हाड मुलाजवळच राहिलें आहे. तो घेऊन येणार आहे.